टग, टग्या आणि मी

वस्तुसंग्रहालय आणि मी यांचे कधी फारसे जमले नाही. याला कारण माझे पाय. बुद्धीचाही थोडा संबंध असावा, पण ते सांगायला घरात सौ. आहे. एकवीस वर्षे बँकेच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचे पाय टेबलाखाली हलवण्यापुरतेच उरतात. आणि संग्रहालयात पाहावे तो सगळ्या खुर्च्या ऐतिहासिक! त्यांच्यावर कोणीतरी थोर माणूस बसून गेलेला असतो, म्हणून आपण बसायचे नाही.

दुसरे कारण माझे कॉमर्स. बी. कॉम. झालेल्या माणसाला जुनी वस्तू दिसली की आधी तिच्यावरचा घसारा दिसतो. वस्तू दरसाल झिजते, तिची किंमत दरसाल उतरते आणि शेवटी वहीत तिच्यासमोर एक रुपया उरतो, हे लिहूनच आम्ही पास झालो. (सेकंड क्लास.) आमच्या शाखेतल्या एका पंख्याची किंमत गेली कित्येक वर्षे एक रुपया आहे, आणि वाराही तेवढ्याच किमतीचा येतो. संग्रहालयात हा हिशेब उलटा चालतो. वस्तू जितकी निकामी, तितकी तिच्याभोवतीची काच जाड.

अशा माणसाने संग्रहालयातल्या खेळण्यांचे परीक्षण लिहायला घ्यावे हे धाडसच. पण तज्ज्ञ मंडळी तोफा, नाणी आणि ताम्रपटांत गुंतलेली असतात. खेळण्यांकडे बघायला कोणी मोकळे नव्हते. जागा रिकामी दिसली, मी अर्ज केला, असे समजा.

तर गोष्ट कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हॅलिफॅक्स बंदरातली. तिथे माझा मेहुणा असतो. "एकदा या की भावोजी," असे तो दरवर्षी फोनवर म्हणायचा. अशी आमंत्रणे समोरचा येणार नाही या खात्रीवर दिलेली असतात. पण यंदा सौ.ने एक ठेव मुदतीपूर्वी मोडली, तिच्यावरचा दंड मी माझ्याच हाताने कापून घेतला, आणि मी, सौ. व नऊ वर्षांचे चिरंजीव असे तिघे त्याच्या दारात जाऊन उभे राहिलो. मेहुण्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण तो संग्रहालयाचा विषय नाही.

तिसऱ्या दिवशी पाऊस आणि धुके. मेहुणा म्हणाला, "आज म्युझियम करू या. टग पण बघायला मिळतील."

"ठग?" सौ.ने पर्स छातीशी धरली.

"ठग नाही गं ताई, टग! टगबोट!"

टग म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकलला टेकून दिवसभर उभा असणारा टग्या आला. परंतु टग आणि टग्या यांत एका काडीचा फरक असला तरी कामात जमीनअस्मानाचा आहे. टग्या काही करत नाही आणि सगळ्यांना दिसतो. टग दिवसभर राबतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. शेकडो फूट लांबीचे जहाज भर समुद्रात राजा असते, पण बंदरात शिरले की त्याची अवस्था घोड्यावरून उतरलेल्या नवरदेवासारखी होते. वळता येत नाही, थांबता येत नाही, पुढे काय करायचे ते कळत नाही. मग दोन-चार मामा-काका पुढे होतात आणि त्याला ओढत-ढकलत मांडवात नेतात. टग म्हणजे ते मामा-काका. जहाज धक्क्याला लावायचे तर त्याला धक्के द्यावे लागतात, आणि ते देण्याचे काम टगचे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात नाव येते ते जहाजाचे.

या संग्रहालयाचे नाव 'मॅरिटाइम म्युझियम ऑफ द अटलांटिक'. १९४८ साली सुरू झालेले आणि १९८२ पासून लोअर वॉटर स्ट्रीटवर असलेले. आत जुन्या काळचे जहाजी सामानाचे एक दुकान जपून ठेवले आहे. दोरखंड, साखळ्या, कप्प्या. ते पाहताना मी खुशीत होतो, कारण दुकानाचा स्टॉक मला समजतो. पण हॅलिफॅक्स हे दुःखे पाहिलेले बंदर आहे, आणि पुढच्या दालनांत ती मांडलेली आहेत.

टायटॅनिकवरची एक लाकडी आरामखुर्ची तिथे आहे. ती दिसताच माझे पाय सवयीने तिकडे वळले आणि काचेपाशी थांबले. १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे टायटॅनिक बुडाली, त्यानंतर मृतदेह शोधून आणायला बोटी गेल्या त्या मुख्यतः हॅलिफॅक्सहून. दीडशे जण याच गावातल्या तीन दफनभूमींत विसावले आहेत. आणि त्याच दालनात लहान मुलाच्या बुटांचा एक जोड आहे. माझ्या तळहातावर दोन्ही मावतील एवढा.

या बुटांची हकिगत सांगितलीच पाहिजे. मृतांचे कपडे कोणी आठवण म्हणून पळवू नयेत, त्यांचा बाजार होऊ नये, म्हणून ते जाळून टाकण्याचा हुकूम होता. क्लेरेन्स नॉर्थओव्हर नावाच्या पोलीस सार्जंटच्या हाती हे बूट आले आणि त्याच्याने ते जाळवेनात. त्याने ते आपल्या टेबलाच्या खणात ठेवून दिले. १९१८ साली निवृत्त होईपर्यंत ते खणातच होते. २००२ साली त्याच्या नातवाने ते या संग्रहालयाला दिले. त्या बाळाच्या कबरीवर कित्येक वर्षे नाव नव्हते. पुढे डी.एन.ए. तपासणी झाली आणि ते बाळ सिडनी गुडविन असल्याचे ठरले. एकोणीस महिन्यांचे. आईवडील आणि पाच भावंडे, सगळे कुटुंबच त्या रात्री गेले.

हुकमाची अंमलबजावणी न करता कागद खणात ठेवणाऱ्या माणसांबद्दल मी आजवर पुष्कळ वाईट बोललो आहे. त्यातला थोडा भाग मी तिथे उभ्या उभ्या मागे घेतला.

चिरंजीव बराच वेळ बुटांकडे बघत होते. मग म्हणाले, "बाबा, यांना आणायला कोणी गेलं नव्हतं?"

"गेलं होतं की. कार्पेथिया नावाची बोट गेली होती. सातशेवर माणसं वाचवली तिने."

"मग याला का नाही वाचवलं?"

"जहाज बुडालं दोन वाजून वीस मिनिटांनी. ती पोचली चारच्या सुमाराला. उशीर झाला."

मी ही वेळ बँकेत चेक परत करताना सांगतात तशी सांगितली. दुसरी रीत मला येत नाही. चिरंजीव काही बोलले नाहीत, आणि चिरंजीव बोलत नाहीत म्हणजे काहीतरी बिनसले आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

पुढचे दालन हॅलिफॅक्सच्या स्फोटाचे. ६ डिसेंबर १९१७ च्या सकाळी दारूगोळ्याने भरलेले 'माँ ब्लाँ' हे फ्रेंच जहाज आणि 'इमो' हे नॉर्वेचे जहाज बंदराच्या चिंचोळ्या भागात एकमेकांवर आदळले. आग लागली. माणसे ती बघायला खिडक्यांपाशी जमली, शाळेत निघालेली मुले रस्त्यात थांबली. नऊ वाजून गेल्यावर थोड्याच वेळात जहाज फुटले आणि गावाचा उत्तर भाग भुईसपाट झाला. सुमारे दोन हजार माणसे दगावली, नऊ हजारांच्या आसपास जखमी झाली. खिडक्यांच्या काचा फुटून अनेकांचे डोळे गेले.

सौ. हळूच म्हणाली, "अहो, सुट्टीत मुलाला हे दाखवायला आणलंत?" आणायचे मेहुण्याने आणि ऐकायचे मी, हा नियम कॅनडातही चालतो, असे दिसले.

आणि याच इमारतीत ती खेळणी! तोंडे असलेल्या, टोप्या घातलेल्या, डोळे मोठे केलेल्या टगबोटी. लाल टोपीचा तो थिओडोर. 'थिओडोर टगबोट' नावाची लहान मुलांची एक मालिका कॅनडाच्या सी.बी.सी. वाहिनीवर १९९३ ते २००१ या काळात दाखवली गेली. तिच्या चित्रीकरणात वापरलेली मूळ मॉडेल्स मालिका संपल्यावर इथे आली.

माझे पहिले मत कडवट झाले. म्हटले, काय हा हिशेब! एका वहीत दोन हजार मृतांची नोंद आणि त्याच वहीच्या मागल्या पानावर बाहुल्या? गंभीर खात्यात किरकोळ खर्च घुसवावा तसे हे वाटले. आमच्या इन्स्पेक्शनला असे काही सापडले असते तर लाल शाईने शेरा आला असता.

चिरंजीवांनी तर नाकच मुरडले. "मी काय बारका आहे का?"

शेजारी तिशी-पस्तिशीतला एक दाढीवाला गृहस्थ आपल्या छोट्या मुलीला उचलून उभा होता. तो मुलीला एकेकाची नावे सांगत होता, आणि सांगता सांगता मुलीपेक्षा स्वतःच रंगला होता. चिरंजीवांकडे पाहून त्याने त्यांनाही यादीत घेतले. हा जॉर्ज, सगळ्यांत ताकदवान. ही एमिली. हा हँक, थोडा वेडपट. आणि हा फोडक. "फोडक" ऐकून सौ.ला फोडणी आठवली आणि ती दिवसभरात पहिल्यांदा हसली. वास्तविक फोडकचे काम काही फोडण्याचे नाही. तो बंदराच्या सुरक्षेचा टग. दिवे, पाण्याची नळी वगैरे सरंजाम त्याच्याकडे.

त्या रात्री मेहुण्याच्या घरी आम्ही या मालिकेचे चार-पाच भाग पाहिले. परीक्षण लिहायचे तर वही उघडून पाहिली पाहिजे, शेऱ्यावर शेरा मारून चालत नाही.

मालिकेचे एकूण १३० भाग. कल्पना अँड्र्यू कॉक्रन यांची. गोष्टीतल्या गावाचे नाव 'बिग हार्बर', पण ते हॅलिफॅक्सच. पात्रांची नावेही इथल्याच परिसरातली. बेडफर्ड नावाचा तरंगता बोया आहे, तो इथल्या बेडफर्ड खाडीवरून. गायझबरो नावाचा कुरकुऱ्या कचऱ्याचा तराफा आहे, तो त्या नावाच्या गावावरून. (गायझबरोच्या लोकांनी हे कसे सोसले असेल? आमच्याकडे एखाद्या कचऱ्याच्या गाडीला तालुक्याचे नाव देऊन बघा.) गोष्ट सांगणारा 'हार्बरमास्टर' म्हणजे डेनी डोहर्टी, याच हॅलिफॅक्सचा सुपुत्र आणि 'द मामाज अँड द पापाज' या गाजलेल्या गायकवृंदातला एक आवाज. त्याआधी १९८४ पासून इंग्लंडात 'थॉमस द टँक इंजिन'च्या गोष्टी बीटल्समधला रिंगो स्टार सांगत होता. आयुष्यभर तरुणांना नाचवलेल्या माणसांनी पुढे तान्ह्यांना गोष्टी सांगाव्यात, हा मला फार चांगला निवृत्तिवेतनाचा मार्ग वाटतो.

चित्रीकरण पाण्याने भरलेल्या मोठ्या सेटवर. बोटी रेडिओ-कंट्रोलवर चालणाऱ्या. तोंड बोलताना हलत नाही, हलतात ते डोळे. सगळे काम डोळ्यांवर. आमच्या जुन्या हेडक्लार्कचेही असेच होते. ते ओठ न हलवता नुसते डोळे डावीकडे वळवत, आणि डावीकडचा माणूस चहा सोडून खुर्चीत येऊन बसे.

मालिकेतला साहेब म्हणजे 'डिस्पॅचर'. तो धक्क्यावरून सगळ्यांना कामे वाटून देतो. आणि तो माणूस नाही, बोटही नाही. तो डोळे असलेली एक इमारतच आहे! कचेरीत साहेब म्हणजे काय असतो, हे इतक्या नेमकेपणाने मी दुसरीकडे पाहिलेले नाही. थिओडोर हा बंदरात काम करणारा टग. त्याची महत्त्वाकांक्षा काय, तर एक दिवस खुल्या समुद्रावर जाणारा टग व्हायचे. म्हणजे क्लार्कचे ऑफिसर व्हायचे. ती परीक्षा मी दोनदा दिली आहे, त्यामुळे इथे माझे डोळे किंचित ओले झाले असल्यास तो परीक्षकाचा पक्षपात समजावा.

दोषही सांगतो. मालिका संथ आहे. पाणीच संथ, तर बोट तरी काय करणार? खलनायक नावाला नाही. कोणाला भीती वाटते, कोणी दिलेला शब्द विसरतो, कोणी रुसतो, एवढीच संकटे. पात्रे इतकी शहाणी की भांडण झाले तरी पंधरा मिनिटांच्या आत समेट. आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा वाद या मंडळींकडे द्यायला हवा.

आणि काचेआडच्या मांडणीत एक दोष आहे, जो कोणत्याही संग्रहालयाला चुकवता येणार नाही. तो म्हणजे कोरडेपणा. ही मॉडेल्स पाण्यासाठी केलेली होती. डोलणारी बोट थांबली आणि फिरणारा डोळा एका जागी खिळला की काहीतरी उणे वाटते. संग्रहालयात येणाऱ्या प्रत्येक वस्तूचे हेच होते म्हणा. खुर्चीवर कोणी बसत नाही, बूट कोणी घालत नाही. पण त्या दाढीवाल्याला तो कोरडेपणा दिसतच नव्हता. पाणी त्याने घरून आणले होते, पंचवीस-तीस वर्षे सांभाळून.

माझे मत बदलले ते मात्र चिरंजीवांमुळे. दोन-तीन भाग नाक मुरडून पाहिल्यावर ते म्हणाले, "बाबा, यात कायम कोणी ना कोणी वेळेवर येतं."

मी गप्प झालो. एकवीस वर्षे आकडे तपासून मला जे जुळले नव्हते, ते पोराने तोंडी जुळवले. त्या इमारतीत आम्ही दिवसभर जे पाहिले, त्यात मदत उशिरा आली होती, किंवा येऊनही पुरी पडली नव्हती. लहान मुलाला हे कधीतरी कळायलाच हवे. पण मदतीला धावून जायचे असते, हे त्याला त्याआधी कळलेले असले पाहिजे. नाहीतर उशीर झाला याचे त्याला दुःख तरी का व्हावे? ही टोप्या घातलेली मंडळी तेवढे एकच शिकवतात. त्या इमारतीत मदत वेळेवर पोचते अशी तेवढीच एक जागा आहे, आणि म्हणून ती तिथेच हवी. मागल्या पानावरचा तो किरकोळ खर्च नव्हता. जमेची बाजू होती.

शिवाय ही नुसती कल्पना नव्हे, याला मूळ व्हाउचर आहे. १९१७ च्या त्या सकाळी 'स्टेला मॅरिस' नावाचा एक टग दोन तराफे ओढत त्याच चिंचोळ्या पाण्यातून निघाला होता. मागे आग दिसल्यावर कप्तान होरेशियो ब्रॅनन याने तराफे नांगरून ठेवले, टग परत वळवला आणि आपल्याजवळच्या नळीने 'माँ ब्लाँ'वर पाणी मारायला सुरुवात केली. एका नळीने ती आग विझणारी नव्हती. मग जळते जहाज धक्क्यापासून दूर ओढून न्यायचे ठरले. दोर लावण्याची तयारी चालू असतानाच स्फोट झाला. कप्तान ब्रॅनन आणि त्याचे बहुतेक खलाशी गेले. हा टग वेळेवर पोचला होता. पोचला म्हणूनच गेला.

माझ्यासारख्याला कोणी विचारलेच तर एक सूचना करीन. मुलांना आधी थिओडोर दाखवावा, मग स्टेला मॅरिसची हकिगत सांगावी, आणि परत निघताना पुन्हा थिओडोरपाशी आणावे. दुसऱ्या खेपेला तो निराळा दिसतो. मी जाण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा जाऊन खात्री करून घेतली आहे. (पायांनी तक्रार केली. नामंजूर केली.)

थिओडोरची एक खरीखुरी, माणसांना बसता येईल अशी बोटही नोव्हा स्कॉशियात बांधली होती. २००० साली पाण्यात सोडलेली, सुमारे ६५ फूट लांब, नाव 'थिओडोर टू'. हॅलिफॅक्सच्या धक्क्यावर तिने दोन दशके मुलांना फिरवले. २०२१ साली ती ऑन्टॅरिओतल्या हॅमिल्टनला गेली. मेहुणा म्हणाला, "भावोजी, तुम्ही जरा उशिरा आलात." चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिले. उशीर हा शब्द आमच्या घरात हल्ली जपून वापरावा लागतो.

परत येऊन कामावर रुजू झालो. नोव्हेंबर लागला होता आणि निवृत्तिवेतनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्यांची रांग. एके दिवशी चार वाजता मी 'काउंटर बंद'ची पाटी लावायला हात पुढे केला आणि समोर काठी टेकत एक आजोबा आले. आपण जिवंत आहोत याचा पुरावा त्यांच्या हातात तयार होता, पण कोणता कागद कोणत्या खिडकीवर द्यायचा, तेवढे कळत नव्हते. भल्या मोठ्या जहाजासारखे ते हॉलच्या मध्यभागी उभे. वळता येत नाही, थांबता येत नाही.

मी पाटी ठेवली, खुर्चीतून उठलो आणि त्यांचा दंड धरून एकेका टेबलाला लावत नेले. सही, अंगठा, शिक्का. वीस मिनिटे गेली. जाताना ते म्हणाले, "हे काम पूर्वी पाच मिनिटांत व्हायचं."

घरी पोचायला उशीर झाला. सौ.ने विचारले, "आज काय एवढं?"

"एक जहाज आत घ्यायचं होतं," मी म्हणालो.

चिरंजीवांनी गृहपाठातून डोके वर काढले नाही. फक्त डोळे तेवढे माझ्याकडे वळवले.